अपडेटनंतर वायफाय गेलं: नेटवर्क रीसेट दाबण्याआधी काय तपासायचं

ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट बसलं आणि वायफाय बंद पडलं, की सगळ्यांत आधी हात जातो तो ‘नेटवर्क रीसेट’वर. ते बटण खरं तर सगळ्यांत शेवटी दाबायचं. रीसेट केल्यावर विंडोज सगळी नेटवर्क अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा बसवतं, साठवलेली नेटवर्क आणि त्यांचे पासवर्ड पुसून टाकतं, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा नव्याने बसवावं लागतं. एवढं करूनही दोष ड्रायव्हरचाच, म्हणजे कार्डाला विंडोजशी बोलतं करणाऱ्या प्रोग्रॅमचाच असेल, तर तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो.

अपडेटने वायफाय बिघडतं म्हणजे बहुतेक वेळा चारांपैकी एक गोष्ट बदललेली असते: कार्डाचा ड्रायव्हर, वीज वाचवण्याची सेटिंग, राऊटरशी ओळख पटवण्याची पद्धत, किंवा अँटिव्हायरस-व्हीपीएनने मध्ये बसवलेली, येणारी-जाणारी माहिती चाळणारी गाळणी. चौघांची लक्षणं वेगवेगळी असतात. गाडी कुठल्या टप्प्यावर अडली आहे ते कळलं, की उपाय सहसा दहा मिनिटांचा असतो.

खाली भर विंडोज १० आणि ११वर आहे, मॅक आणि लिनक्सचं शेवटाकडे थोडक्यात. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत असतात, इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कमांडही तशाच आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग, लहान अक्षरांत.

हात लावण्याआधी दोन नोंदी

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’खाली वायफाय कार्डाचं नाव असतं: इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांपैकी काहीतरी. त्यावर डबल-क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबमधली तारीख आणि आवृत्ती कागदावर उतरवा. शेजारचा ‘इव्हेंट्स’ टॅब फारसं कोणी उघडत नाही, पण खरा पुरावा तिथे असतो: या कार्डावर कुठला ड्रायव्हर कोणत्या दिवशी, किती वाजता बसला याची यादी.

दुसरी नोंद सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या ‘अपडेट हिस्टरी’ची. तिथे ‘क्वालिटी अपडेट्स’ आणि ‘ड्रायव्हर अपडेट्स’ असे वेगळे गट असतात. अनेकदा दोष दिला जातो मोठ्या अपडेटला, आणि प्रत्यक्षात त्याच रात्री त्याच्यामागून वायफायचा नवा ड्रायव्हर गुपचूप आलेला असतो. तसं असेल तर अख्खं अपडेट काढायची गरजच नाही, फक्त ड्रायव्हर मागे न्यायचा.

तोवर इंटरनेट हवं असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. फोन स्वतः वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटाही खर्च होत नाही. आयफोनसाठी मात्र विंडोजवर अ‍ॅपलचा ड्रायव्हर लागतो.

शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे

विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शटडाउन’ केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर तसाच जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हरही त्याच्यासोबत जशाचा तसा परत येतो. म्हणून ‘तीन वेळा बंद करून चालू केलं’ याला इथे काही अर्थ नसतो. ‘रीस्टार्ट’ करा, किंवा शिफ्ट दाबून धरून ‘शटडाउन’वर क्लिक करा. दोन्हींत सिस्टिम पहिल्यापासून सुरू होते.

त्यानेही कार्ड दिसलं नाही तर वीज पूर्ण काढायची. लॅपटॉप बंद करा, चार्जर, डॉक, पेनड्राइव्ह सगळं काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद सलग दाबून धरा, मिनिटभर थांबा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. टोटका वाटतो, पण कारण साधं आहे. वायफाय कार्डात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आत साठवलेला छोटा प्रोग्रॅम चालतो. लॅपटॉप बंद दिसत असतानाही मदरबोर्डावर थोडी वीज खेळत असते आणि कार्ड त्या अर्धवट अवस्थेत अडकून राहू शकतं. विशेषतः ‘कोड १०’ (कोडांची यादी पुढे आहे) दाखवणारी कार्डं एवढ्यानेच जागी होतात असा अनेकदा अनुभव येतो.

कार्डच दिसत नाही

टास्कबारवर वायफायचं चिन्ह नाही, सेटिंग्जमध्ये वायफायची ओळच नाही, अशी अवस्था असेल तर आधी ब्लूटूथ पाहा. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, पण वायफाय पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणि ब्लूटूथ यूएसबीच्या वाटेने सिस्टिमला जोडलेलं असतं. ब्लूटूथ चालतंय आणि वायफाय नाही, म्हणजे कार्ड जागेवर आहे, त्याला वीज मिळतेय, संशय ड्रायव्हरवर. दोन्ही गायब, म्हणजे कार्ड अडकलंय, बायोसमधून (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डावरच्या प्रोग्रॅममधून) बंद झालंय किंवा सैल झालंय.

डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. कार्डाचं नाव फिकट दिसलं तर विंडोजला ते आठवतंय, पण आत्ता सापडत नाही; त्यावर ‘कोड ४५’ येतो. पिवळ्या त्रिकोणासह दिसलं तर ‘जनरल’ टॅबमध्ये कोड वाचा:

कोड १०: ड्रायव्हर बसला, पण कार्ड सुरू झालं नाही. आधी वीज काढण्याचा उपाय, मग ड्रायव्हर मागे नेणं.

कोड २८: ड्रायव्हर बसलेलाच नाही. अशा वेळी कार्ड ‘अदर डिव्हाइसेस’खाली नुसतं ‘नेटवर्क कंट्रोलर’ या नावाने दिसतं.

कोड ४३: कार्डाने बिघाड असल्याचं स्वतःच कळवलं. ड्रायव्हर बदलून, वीज काढूनही हाच कोड टिकला तर कार्ड मेलेलं असण्याची शक्यता बरीच.

कोड ५६: ‘विंडोज अजून मांडणी करत आहे’ असा संदेश. यामागे बहुधा व्हीपीएन किंवा अँटिव्हायरसची नेटवर्कमधली गाळणी असते. ते सॉफ्टवेअर काढा, रीस्टार्ट करा, कार्ड आलं की त्याची नवी आवृत्ती बसवा.

बायोसमध्येही एकदा डोकवा. सिस्टिमच्या अपडेटसोबत काही लॅपटॉपवर बायोसचं अपडेटही येतं आणि तिथली ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ची सेटिंग बदललेली सापडू शकते. कीबोर्डवरचं विमानाचं बटणही चुकून दाबलं गेलेलं नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

इंटेलच्या कार्डांबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्या. एएक्स२०१, एएक्स२११ या जातीची कार्डं अर्धीच असतात; वायफायचा उरलेला भाग प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या पोटात असतो. त्यामुळे या कार्डांच्या बिघाडात वायफायचा ड्रायव्हर बदलून भागत नाही, चिपसेटचे ड्रायव्हर आणि बायोसही लॅपटॉपच्या कंपनीकडून ताजे करून पाहावे लागतात. एएक्स२००, एएक्स२१० ही मात्र स्वतंत्र, पूर्ण कार्डं आहेत.

ड्रायव्हर मागे नेणं, आणि तो तिथेच ठेवणं

सोपा मार्ग: ‘ड्रायव्हर’ टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण करडं दिसत असेल तर परत जायला आधीचा ड्रायव्हर विंडोजकडे नोंदलेला नाही. मोठ्या, म्हणजे नव्या आवृत्तीच्या अपडेटनंतर असं हमखास होतं.

मग ‘अपडेट ड्रायव्हर’, त्यात ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, त्यात ‘लेट मी पिक’ अशी वाट धरा. मशीनमध्ये आधीपासून असलेल्या आवृत्त्यांची यादी येते. सध्याच्या आवृत्तीखेरीज दुसरी कुठलीही निवडून पाहा. इथे नेट लागत नाही, म्हणून कार्ड पूर्ण रुसलेलं असतानाही हा उपाय चालतो.

यादीत एकच नाव असेल तर ड्रायव्हर बाहेरून आणावा लागतो. कुठून? लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमक्या मॉडेलच्या पानावरून. इंटेल आपले ड्रायव्हर सगळ्यांना थेट देतं आणि ते बहुतेक लॅपटॉपवर चालतात. मीडियाटेक, रिअलटेक, क्वालकॉमच्या बाबतीत लॅपटॉपच्या कंपनीचंच पान धरावं. ‘ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला जाऊ नका. ती चुकीच्या कार्डाचा ड्रायव्हर बसवतात आणि वर आणखी काहीबाही सोडून जातात.

फाइल हाताशी आली, की मगच कार्डावर राइट-क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा आणि त्या चौकटीतल्या ‘अटेम्प्ट टु रिमूव्ह द ड्रायव्हर’वर खूण करा. खूण केली नाही तर ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात राहतो आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तोच बसतो. ‘अनइन्स्टॉल करूनही काही फरक नाही’ या तक्रारीमागे बरेचदा ही न केलेली खूण असते. उलट बाजूही आहे: खूण केली आणि साठ्यात दुसरा ड्रायव्हर नसेल तर वायफाय पूर्ण जातं. म्हणून फाइल आधी, खूण नंतर. काढल्यावर ‘अ‍ॅक्शन’ मेनूतून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करा. साठ्यात आणखी जुनी आवृत्ती असेल तर ती वर येते. ती आधी लिहून ठेवलेल्या आवृत्तीशी ताडून पाहा. नको असलेलीच असेल तर हेच पुन्हा करा.

आता खरी डोकेदुखी. सगळं सुरळीत होतं आणि पुढच्या अपडेटला तोच ड्रायव्हर परत येतो. विंडोज ड्रायव्हर निवडताना फक्त ‘नवा कोणता’ एवढंच पाहत नाही. आधी पाहतं की ड्रायव्हरवर लिहिलेली हार्डवेअरची ओळख या कार्डाशी किती नेमकी जुळते. जुळणी सारखी असेल तर तारीख, तारीखही सारखी असेल तर आवृत्ती. लॅपटॉपच्या कंपनीने खास त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर तारखेने जुना असला तरी जास्त नेमका ठरतो, आणि हाताने बसवलेल्या नव्या, सर्वसाधारण ड्रायव्हरवर मात करून पुन्हा बसतो. ‘नवा बसवला तरी जुना का येतो’ याचं कोडं इथे सुटतं.

थांबवण्याचे तीन मार्ग आहेत. ‘विंडोज अपडेट’मधून अपडेट जास्तीत जास्त पाच आठवडे थोपवता येतात, नवा ड्रायव्हर येईपर्यंतची सोय म्हणून हे पुरेसं असतं. दुसरा, मायक्रोसॉफ्टचं ‘शो ऑर हाइड अपडेट्स’ हे छोटं साधन: त्यात फक्त तो एक ड्रायव्हर लपवता येतो, बाकी सगळं चालू राहतं. तिसरा मार्ग विंडोजच्या प्रो आवृत्तीत, ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये: ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’. हा सगळ्यांत पक्का, पण मग ग्राफिक्स, ऑडिओ, टचपॅड असे सगळेच ड्रायव्हर यायचे थांबतात आणि ते कधीतरी हाताने पाहावे लागतात. एका कार्डासाठी एवढं करण्यापेक्षा दुसरा मार्ग बरा.

नेटवर्क दिसतं, पण जोडलं जात नाही

पासवर्ड बरोबर, तरी ‘कान्ट कनेक्ट टु धिस नेटवर्क’. पहिलं काम: ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडणं. साठवलेल्या नोंदीत जुन्या सुरक्षापद्धतीचा उल्लेख अडकून राहिलेला असतो.

तेवढ्याने भागलं नाही तर राऊटर पाहावा लागतो. तो ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशा जुन्या-नव्या सुरक्षापद्धतींच्या मिश्रणावर असेल, तर जुन्या ड्रायव्हरच्या काळात लॅपटॉप निमूटपणे डब्ल्यूपीए२ने जोडला जात असे; नवा ड्रायव्हर डब्ल्यूपीए३चा आग्रह धरतो आणि राऊटरचं जुनं फर्मवेअर तिथे अडखळतं. तपासायला राऊटर तात्पुरता फक्त ‘डब्ल्यूपीए२, एईएस’वर ठेवा. जोडलं गेलं, तर दोष सापडला. आधी राऊटरचं फर्मवेअर ताजं करा, मग मिश्र पद्धत पुन्हा चालू करून पाहा. राऊटर अजून ‘टीकेआयपी’ किंवा ‘डब्ल्यूईपी’वर असेल तर लॅपटॉपला दोष देऊ नका. त्या पद्धती कधीच मोडीत निघाल्या आहेत. विंडोज १०ने १९०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासूनच, त्यांबद्दल इशारा द्यायला सुरुवात केली.

राऊटरवर ठरावीक उपकरणांनाच प्रवेश देणारी मॅक पत्त्यांची (प्रत्येक कार्डाच्या हार्डवेअर पत्त्यांची; अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) यादी असेल तर लॅपटॉपमधलं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद आहे ना ते पाहा. चालू असेल तर लॅपटॉप यादीत नसलेला पत्ता घेऊन दारात उभा राहतो.

एकच नेटवर्क दिसेनासं झालं आणि शेजारची सगळी दिसतात, तर तो बहुधा चॅनेलचा प्रश्न. ड्रायव्हर बदलला की कार्ड स्वतःला कोणत्या देशाच्या नियमांत धरतं तेही बदलू शकतं, आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे १२ आणि १३ हे चॅनेल अदृश्य होतात. राऊटर १, ६ किंवा ११वर कायम करा. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. तिथे राऊटरला आधी किमान ६० सेकंद कानोसा घ्यावा लागतो आणि रडारचा संकेत आला तर चॅनेल सोडावा लागतो. तपासताना ३६ ते ४८ यांतला ठेवा. ६ गिगाहर्ट्झचं नेटवर्क विंडोज १०वर दिसत नाही, कार्ड कितीही नवं असलं तरी.

घरचं वायफाय चालतं आणि फक्त ऑफिसचं किंवा कॉलेजचं, नाव आणि पासवर्ड दोन्ही मागणारं, चालत नाही, हा वेगळाच रोग आहे. तिथे प्रत्येकाची ओळख सर्व्हरकडून तपासणारी ८०२.१एक्स ही पद्धत असते आणि अपडेटमुळे तीच दुखावते. डिसेंबर २०२३मध्ये नेमकं हेच झालं: केबी५०३२२८८ आणि केबी५०३३३७५ या विंडोज ११च्या अपडेटनंतर काही कार्डं अशा नेटवर्कला जोडली जाईनात, घरच्या नेटवर्कवर मात्र काही झालं नाही. मायक्रोसॉफ्टने तो बदल दूरवरूनच मागे घेतला. खासगी मशीनवर दुरुस्ती आपोआप पोहोचली. त्याआधी, विंडोज ११च्या २०२२मधल्या २२एच२ आवृत्तीत, एंटरप्राइज आणि एज्युकेशन मशीनवर पासवर्ड जपणारं ‘क्रेडेन्शियल गार्ड’ आपोआप चालू होऊ लागलं आणि विंडोजच्याच पासवर्डने वायफायला परस्पर जोडलं जाणं थांबलं. अशा वेळी घरी बसून ड्रायव्हरशी झटण्यात अर्थ नाही. अपडेटचा क्रमांक घेऊन तिथल्या आयटी विभागाकडे जावं. जाण्याआधी लॅपटॉपचं घड्याळ मात्र पाहा. तारीख चुकली असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘मुदतबाह्य’ ठरतं आणि जोडणी नाकारली जाते.

जोडलं गेलं, पण इंटरनेट नाही

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ लिहा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने आपला आपण घेतला. ‘आयपीकॉन्फिग’ला ‘/रिलीज’ आणि मग ‘/रिन्यू’ लावून पाहा. ठीक पत्ता असेल तर तीन हाका मारा: आधी ‘डिफॉल्ट गेटवे’ला, म्हणजे राऊटरच्या पत्त्याला ‘पिंग’, मग १.१.१.१ला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिली हाक पोहोचली नाही तर अडचण लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामध्ये. दुसरी गेली नाही तर राऊटरच्या पलीकडे. पहिल्या दोन पोहोचल्या आणि तिसरी नाही तर दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. अ‍ॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जुना, हाताने टाकलेला डीएनएसचा पत्ता उरलाय का ते पाहा.

संकेतस्थळं उघडतात आणि तरी ‘नो इंटरनेट’ दिसतं, असंही होतं. विंडोज एक ठरलेलं पान उघडून त्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ हे शब्द येतात का एवढंच तपासतं. व्हीपीएन, जाहिरात रोखणारा डीएनएस किंवा प्रॉक्सी ते पान अडवत असेल तर चिन्ह खोटं बोलतं.

व्हीपीएन आणि अँटिव्हायरस नुसते ‘बंद’ करून तपासणी पुरी होत नाही, कारण त्यांची गाळणी अ‍ॅडॅप्टरवर बसलेलीच असते. ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ उघडा, वायफायच्या ‘प्रॉपर्टीज’मधली यादी वाचा आणि अशा सॉफ्टवेअरच्या नावाच्या ओळींवरच्या खुणा काढून पाहा. दोष तिथे ठरला तर कंपनीने दिलेल्या काढणाऱ्या साधनाने ते सॉफ्टवेअर पूर्ण काढा. एवढं करून उरलं तर अ‍ॅडमिन म्हणून ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ आणि ‘नेटएसएच इंट आयपी रीसेट’, आणि रीस्टार्ट.

मधूनच तुटतं

हे सगळ्यांत चिवट, कारण प्रत्येक उपायानंतर अर्धा तास बरं वाटतं. अंदाज बांधण्याऐवजी अहवाल काढा. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ लिहा. गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक जोडणी, प्रत्येक तुटणं, त्याची वेळ आणि कारण असलेलं पान तयार होतं. ते कुठे साठवलं तेही तिथेच दिसतं. जोडणी ड्रायव्हरनेच तोडल्याची नोंद पुन्हा पुन्हा असेल तर वरच्या ड्रायव्हरच्या भागाकडे परत जा. तुटण्याच्या वेळा झोपेतून जागं होण्याच्या वेळांशी जुळत असतील तर दोष वीज वाचवण्याचा. काहीच जुळत नसेल आणि घरातल्या इतर उपकरणांचंही तुटत असेल तर लॅपटॉप सोडा, राऊटर पाहा.

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन’च्या काही कमांड लोकेशनची परवानगी मागतात. ती बंद असेल तर चूक दाखवतात. ती चूक वायफायची नाही, ‘प्रायव्हसी’मध्ये लोकेशन चालू करा.

वीज वाचवण्यासाठी: कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबमधली ‘अलाऊ द कॉम्प्युटर टु टर्न ऑफ धिस डिव्हाइस’वरची खूण काढा. ड्रायव्हर बदलला की ही खूण परत येते, म्हणून प्रत्येक अपडेटनंतर पाहावी लागते. नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. ‘पॉवरसीएफजी /ए’ लिहिल्यावर ‘एस० लो पॉवर आयडल’ दिसत असेल तर त्या मशीनची झोप वेगळ्या प्रकारची आहे आणि कार्डाची वीज सिस्टिम स्वतः सांभाळते. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब उपयोगी पडतो. ‘मिमो पॉवर सेव्ह’ बंद किंवा ‘नो एसएमपीएस’ करा. ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’ एकाच राऊटरच्या घरात खालच्या पायरीवर ठेवा, नाहीतर कार्ड सतत दुसऱ्या, नसलेल्या राऊटरचा शोध घेत राहतं. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दिवसभर थांबा. पाच एकदम बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही.

फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच तुटत असेल तर जवळ लावलेला यूएसबी ३चा डॉक किंवा डिस्क काढून पाहा. त्यांचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात असतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नलचा आकडा दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७पर्यंत ठीक, उणे ८०च्या पुढे अपेक्षा ठेवू नये. २०२४च्या सिकोयापासून (मॅकओएस १५) मॅकमध्ये बदलत राहणारा खासगी हार्डवेअर पत्ता आला. पत्त्यांची यादी लावलेल्या राऊटरवर त्या नेटवर्कसाठी तो ‘ऑफ’ किंवा ‘फिक्स्ड’ करा. त्याच आवृत्तीच्या पहिल्या दिवसांत बाहेरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरशी नेटवर्कचं पटत नव्हतं आणि १५.०.१मध्ये सुधारणा आली, म्हणून मॅकवरही व्हीपीएन आणि गाळण्यांचा संशय आधी घ्यावा. ‘नेटवर्क’मध्ये नवं ‘लोकेशन’ तयार करून पाहणं हा मॅकवरचा निरुपद्रवी रीसेट: जुनी मांडणी तशीच राहते, न जमल्यास परत जाता येतं.

लिनक्सवर निदान सोपं. सुरुवातीच्या ग्रब मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडा. त्यावर वायफाय चाललं तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्यासाठी न बनलेल्या ड्रायव्हरचा. ब्रॉडकॉम आणि काही रिअलटेक कार्डांचे ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाने प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधले जातात. नव्या कर्नलच्या हेडर फाइल नसतील तर ते बांधणं फसतं. सिक्युअर बूट चालू असेल तर बांधलेला ड्रायव्हर सहीशिवाय चढत नाही. ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअर न सापडल्याची ओळ असेल तर फर्मवेअरचं पॅकेज ताजं करा. वायफाय बंद ठेवलंय का ते दाखवणारी ‘आरएफकिल लिस्ट’ही पाहा, कधीकधी एवढंच असतं. झोपेनंतर तुटत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या मांडणीत ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ ३ऐवजी २ करा, म्हणजे वीज वाचवणं बंद होतं.

अपडेटच काढायचं असेल तर

नेहमीचं मासिक अपडेट ‘अपडेट हिस्टरी’तल्या ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून निघतं. नव्या आवृत्तीचं मोठं अपडेट मागे न्यायला ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ असतं, पण ते एरवी दहा दिवसच. त्या दहा दिवसांत डिस्क साफ करताना आधीच्या विंडोजच्या फाइल उडवल्या तर तो रस्ताही बंद होतो. मासिक अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, म्हणून हा पर्याय काही दिवसांपुरताच.

आणि नेटवर्क रीसेट करायची वेळ आलीच, तर आधी ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन एक्स्पोर्ट प्रोफाइल’ला ‘की=क्लिअर’ जोडून साठवलेली नेटवर्क फाइलमध्ये उतरवा. त्या फाइलींत पासवर्ड उघडे असतात. काम झालं की पुसून टाका.

कार्डच गेलंय का, याचा निकाल

लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून, काहीही इन्स्टॉल न करता लॅपटॉप त्यावरून सुरू करा. तिथे वायफाय चाललं तर कार्ड ठणठणीत आहे आणि दोष विंडोजच्या बाजूला. तिथेही कार्डाचा पत्ता नाही, ब्लूटूथही नाही, वीज काढूनही नाही, तर कार्ड बदलायची वेळ आली. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते एम.२, २२३० मापाचं, एका स्क्रूने बसवलेलं असतं. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र मदरबोर्डावरच डाखलेलं असतं आणि बदलता येत नाही. एएक्स२०१च्या जागी एएक्स२१० साधारणपणे चालतं, पण एएक्स२१०च्या जागी एएक्स२११ घेताना लॅपटॉप त्या अर्ध्या कार्डाला आधार देतो का ते पाहावंच लागतं. काही जुने लॅपटॉप कंपनीने मान्य केलेलं कार्ड नसेल तर सुरूच होत नाहीत. अँटेनाच्या दोन बारीक तारा सरळ वर उचलून काढा आणि बसवताना टक आवाज येईपर्यंत दाबा. तिरक्या बसल्या तर नवं कार्डही दोन खोल्यांपलीकडे पोहोचणार नाही.